वडोदऱ्यात कॅल्शियम कार्बाइडचा साठा: जोत्याच्या उंचीपासून पेसोच्या परवान्यापर्यंत

वडोदऱ्यात कार्बाइडचे गोदाम काढायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो परवान्याला किती दिवस लागतील याचा. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: 2019 आणि 2024 च्या पुरात त्या प्लॉटवर पाणी कुठवर चढले होते? 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस कोसळला. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली आणि ती 35 फुटांच्याही वर गेली. ज्या मालाचा पहिला शत्रू पाणी आहे, तो या शहरात ठेवायचा असेल तर बांधकामाचा, परवान्याचा आणि रोजच्या शिस्तीचा विचार पावसापासूनच सुरू व्हायला हवा.

मकरपुरा जीआयडीसी (गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत) इथले छोटे फॅब्रिकेशनवाले, फाउंड्रीवाले आणि कार्बाइडचा व्यापार करू पाहणारे आपले मराठी उद्योजक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. यातल्या अनेकांना वेल्डिंगची नस न नस माहीत असते, पण ड्रम उघडण्यापूर्वी आणि नंतर काय होते याकडे लक्ष गेलेले नसते.

आधी माल ओळखा

कॅल्शियम कार्बाइड म्हणजे राखाडी, दगडासारखे खडे. ड्रममध्ये बंद असतात तोवर ते जळत नाहीत, वाफ सोडत नाहीत. पाणी लागले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, खाली चुना उरतो आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. जुन्या जत्रांमधले कार्बाइडचे दिवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो लसणासारखा उग्र वास आठवत असेल. शुद्ध ॲसिटिलीनला तो वास नसतो. मालात अशुद्धी म्हणून असलेल्या फॉस्फाइडपासून फॉस्फीन निघतो, त्याचा तो वास. गोदामात तो वास आला तर कुठेतरी ओल शिरली आहे, एवढे नक्की.

आता हिशेब मांडू. बाजारात मिळणाऱ्या एक किलो कार्बाइडपासून साधारण 300 लिटर वायू निघतो. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे 28,000 लिटर हवा मावते. हवेत अडीच टक्के ॲसिटिलीन मिसळले की मिश्रण पेट घेऊ शकते, म्हणजे 700 लिटर वायू पुरे. तेवढा वायू अडीच किलोहून कमी खड्यांतून निघतो, आणि त्यासाठी लिटर-सव्वा लिटर पाणी लागते. पत्र्याच्या एका भोकातून एका रात्रीत एवढे पाणी सहज ठिबकते. शिवाय ॲसिटिलीनची ज्वलनशील मर्यादा वरच्या बाजूला 80 टक्क्यांच्याही पुढे जाते. पेट्रोलच्या वाफा फार दाट झाल्या तर पेटत नाहीत. ॲसिटिलीनच्या बाबतीत तो दिलासा नाही.

दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटते. भरपूर पाण्यात थोडे कार्बाइड टाकले तर उष्णता पाण्यात जिरते. कार्बाइडपासून ॲसिटिलीन बनवणारा गॅस जनरेटर त्याच तत्त्वावर चालतो. पण ढीगभर कार्बाइडवर थोडे पाणी पडले तर उष्णतेला जायला जागा नसते, खडे तापून लाल होऊ शकतात आणि वायू जागच्या जागी पेटतो. म्हणून गळके छप्पर, ओली फरशी, पावसात भिजलेली ताडपत्री ही किरकोळ कारणे या मालाच्या बाबतीत सगळ्यात वाईट.

कार्बाइड ठेवणे खरेच गरजेचे आहे का?

कटिंग आणि वेल्डिंगपुरतेच ॲसिटिलीन हवे असेल तर माझे स्पष्ट मत असे की जनरेटर आणि कार्बाइड सोडा, डीए (डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन) सिलिंडर घ्या. डीए सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थात ॲसिटोन भरलेले असते आणि त्यात ॲसिटिलीन विरघळवलेले असते, त्यामुळे ते दाबाखाली सुरक्षित राहते. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे भरलेली ॲसिटिलीन सिलिंडरे 50 पर्यंत ठेवायला साठ्याचा परवाना लागत नाही. छोट्या कारखान्याला दोन-चारच लागतात. ती उभी ठेवायची, साखळीने बांधायची, ऑक्सिजनच्या सिलिंडरांपासून लांब ठेवायची आणि टॉर्चच्या दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी आत शिरू न देणारे साधन, बसवायचे. एवढे केले की कार्बाइडचे ड्रम, चुन्याचा गाळ आणि पावसाळ्याची धास्ती, तिन्ही गोष्टी दारातूनच परत जातात.

ज्यांना कार्बाइडच विकायचे आहे, फाउंड्रीत किंवा पोलादातला गंधक काढायला वापरायचे आहे, किंवा ॲसिटिलीन भरण्याचा प्लांट चालवायचा आहे, त्यांच्यासाठी पुढचे सगळे.

जागा आणि बांधकाम

तळघर नको. पहिला मजलाही नको. खाली दुसऱ्याची भट्टी आणि वर तुमचे ड्रम, अशी रचना कोणी मंजूर करणार नाही. स्वतंत्र, एकमजली, न जळणाऱ्या साहित्याची शेड हवी. भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, छप्पर हलके आणि ठिबकाविना.

जोत्याची उंची ठरवताना शेजारच्या दोन-तीन जुन्या कारखान्यांत जा आणि भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघा. वडसर-कलालीच्या बाजूला नदीचे पाणी येते. जीआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर नदी न फुगताही पावसाचे पाणी तुंबते. दोन्ही खुणांतली उंच ती घ्या आणि तिच्या वर किमान दीड-दोन फूट जोते ठेवा. दारापर्यंत उतार करावा लागेल, ड्रम चढवायला त्रास होईल, बांधकामाचा खर्चही वाढेल. तो खर्च करा. वडोदऱ्यात या एका गोष्टीवर घासाघीस करू नये असे मला मनापासून वाटते.

शेडच्या आत पाण्याची नळजोडणी नको. वरून पाण्याची टाकी, एसीचे पाणी नेणारी नळी, शेजारच्या शेडची पन्हळ किंवा दोन छपरांमधली वळचण जाऊ देऊ नका. पाणी फवारणारी स्प्रिंकलर यंत्रणा इथे चालत नाही. विमा कंपनीचा सर्वेक्षक आग्रह धरेल तर त्याला मालाचे सुरक्षा माहितीपत्रक दाखवा.

ॲसिटिलीन हवेपेक्षा किंचित हलके असते, त्यामुळे ते छपराखाली साठते. हवा बाहेर जाण्याची वाट छपराच्या कण्यापाशीच हवी, आणि तिच्यावर पाऊस आत येणार नाही असे झुकते पत्रे हवेत. भिंतीत खालच्या बाजूलाही झरोके ठेवा म्हणजे हवा खेळती राहते. मात्र ते पुराच्या खुणेच्या वर. फॉल्स सीलिंग किंवा तुळयांमधले बंद खिसे म्हणजे वायू अडकण्याची जागा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे, कुलूप लावता येईल असे.

विजेबाबत एक बारकावा सांगतो, कारण तो फार वेळा चुकतो. बाजारात "फ्लेमप्रूफ" म्हणून मिळणारे बहुतेक दिवे आणि स्विच आयआयए आणि आयआयबी या वायूगटांचे असतात. पेट्रोल, एलपीजीला ते ठीक. ॲसिटिलीन हायड्रोजनबरोबर आयआयसी गटात येते, तिथे आयआयबीचा दिवा पुरत नाही. पावतीवर नव्हे, दिव्यावरच्या पट्टीवर आयआयसी कोरलेले आहे का ते बघून घ्या. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आत वीज न्यायचीच नाही, काम दिवसाउजेडी करायचे आणि दिवे शेडबाहेर लावायचे.

तांबे वर्ज्य. तांबे, चांदी आणि पारा यांच्याशी ॲसिटिलीनचा दीर्घ संपर्क आला की ठिणगीविना फुटणारी संयुगे तयार होतात. म्हणून ॲसिटिलीनच्या मार्गावर कुठेही तांब्याची नळी किंवा 70 टक्क्यांहून जास्त तांबे असलेल्या मिश्रधातूचे जोड नकोत. नळी फाटली म्हणून मधे तांब्याचा तुकडा घालून तार आवळण्याची पद्धत वर्कशॉपमध्ये दिसते. ती ताबडतोब बंद करा.

परवाना

कॅल्शियम कार्बाइड हे पेट्रोलियम कायदा, 1934 च्या कक्षेत आणलेले आहे आणि त्याचे नियम म्हणजे कॅल्शियम कार्बाइड नियम, 1987. परवाना देणारी यंत्रणा पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो. मुख्यालय नागपूरला, वडोदऱ्यातही त्यांचे कार्यालय आहे, त्यामुळे आपल्याला शंका विचारायला अहमदाबाद-मुंबईची वारी करावी लागत नाही. अर्ज आणि शुल्क पेसोच्या पोर्टलवर ऑनलाइन.

क्रम असा ठेवा. आधी जागेचा कायदेशीर कागद: मालकीचा दस्त, जीआयडीसीचे वाटपपत्र किंवा नोंदणीकृत भाडेकरार. भाड्याची जागा असेल तर मालकाचे लेखी संमतीपत्र हवे, आणि त्यात "रसायने" असा मोघम शब्द नको, "कॅल्शियम कार्बाइड" असे नाव लिहिलेले हवे. पुढे वाद झाला की मोघम शब्दच नडतो.

मग नकाशे. एक परिसराचा, ज्यात शेजारच्या इमारती, रस्ता, विजेच्या तारा, भट्ट्या आणि राहती घरे अंतरांसह दाखवलेली असतील. दुसरा शेडचा, मापाला धरून, ज्यात जोत्याची उंची, दारे, झरोके, छपराचा छेद आणि ड्रम ठेवण्याची जागा दिसेल. जाणकार इंजिनिअरकडून करून घ्या. नकाशा मंजूर होण्याआधी पाया खणू नका. आधी बांधून मग मंजुरी मागणाऱ्याला अनेकदा भिंत पाडावी लागते, कारण राखायची मोकळी जागा शिल्लकच नसते.

अर्जात किती किलो मागायचे हा खरा व्यावहारिक प्रश्न. जास्त मागितले की मोकळी जागा जास्त लागते. कमी मागितले तर गाडीभर माल एकदम उतरवता येत नाही. माझा सल्ला: जून ते सप्टेंबरमध्ये तुम्ही किती कमी मालात धंदा चालवू शकता ते आधी काढा, मग उरलेल्या महिन्यांचा मोठ्यात मोठा साठा ठरवा, आणि तेवढाच मागा. परवान्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक ड्रमही जास्त आढळला तर परवाना असूनही तुम्ही बेकायदा ठरता.

किरकोळ मर्यादेपर्यंतच्या साठ्याला नियमांत सूट आहे, पण ती डब्याच्या आकाराच्या आणि बंदिस्तपणाच्या अटींसह आहे. "थोडेच तर आहे" म्हणून आपल्याला ती लागू होते असे धरून चालू नका; पोर्टलवरचा नियमांचा चालू पाठ उघडून ते कलम स्वतः वाचा. एजंटाला काम जरूर द्या, पण परवान्याच्या अटी स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. सही तुमची, जबाबदारीही तुमची.

पेसोबरोबरच तुमच्या जागेला लागू असतील ते इतर दाखले जोडा: महानगर सेवासदनाच्या किंवा जीआयडीसीच्या अग्निशमन दलाचा, गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, कारखाना असेल तर कारखान्याची नोंदणी. परवाना मिळाल्यावर शेडमध्ये एक खिडकी वाढवायची असली तरी आधी मंजुरी घ्यावी लागते. भागीदार बदलला, फर्मचे नाव बदलले, तरी कळवावे लागते. नूतनीकरणाची तारीख दिवाळीच्या गडबडीत विसरली जाते, म्हणून ती तारीख गोदामाच्या दारावरच रंगवून ठेवा.

माल येतो तेव्हा

गाडीवर धोकादायक मालाची पट्टी आणि यूएन 1402 हा क्रमांक हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे चालकाला धोकादायक मालाचे प्रशिक्षण झालेले असावे लागते आणि आपत्कालीन सूचनांचा कागद त्याच्या केबिनमध्ये असावा लागतो. आभाळ भरून आले असेल तर उतरवणे थांबवा. गाडी थांबल्याचे भाडे द्यावे लागले तरी ते स्वस्तात पडते.

प्रत्येक ड्रम हात फिरवून बघा: पोचा, गंज, सैल झाकण, फुगलेला तळ. फुगलेला ड्रम म्हणजे आत वायू झाला आहे. तो शेडमध्ये घ्यायचा नाही, उघड्यावर, कोरड्या जागी, माणसांपासून आणि ज्योतीपासून लांब ठेवून पुरवठादाराला बोलवायचे. ड्रमवर मालाचे नाव, "कोरडे न ठेवल्यास धोकादायक" अशा अर्थाचा इशारा आणि पुरवठादाराचे नाव-पत्ता हवाच. ड्रम फेकू नका, लोळवू नका, गाडीवरून टायरवर आपटू नका. आत खडे घासून ठिणगी पडू शकते.

आत ड्रम जमिनीवर ठेवायचे नाहीत, लाकडी फळ्यांवर ठेवायचे, भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे मागून चालत जाऊन तपासणी करता येते. जुना माल आधी बाहेर.

ड्रम उघडणे

अपघाताच्या दृष्टीने ही सगळ्यात नाजूक वेळ. उघडण्याचे काम साठ्याच्या शेडमध्ये कधीच नको. बाहेर, कोरड्या सावलीत, वाऱ्याला पाठ करून. जवळपास ग्राइंडर, टॉर्च, विडी, मोबाइल काही नको. कामगाराने कोरडे चामड्याचे हातमोजे आणि गॉगल घालायचा. घामेजल्या हाताने खडा उचलला तरी त्वचा भाजते, आणि डोळ्यात गेलेली धूळ तिथेच चुना आणि उष्णता तयार करते.

झाकण एका बाजूने हळूच सैल करायचे, चेहरा बाजूला ठेवायचा, आत वायू असेल तर तो निघून जाऊ द्यायचा, दोन-चार मिनिटे थांबायचे आणि मगच पूर्ण उघडायचे. लोखंडी छिन्नी आणि हातोड्याने झाकण फोडणे बंद. गॅस कटरने ड्रम कापण्याबद्दल तर लिहायचीही गरज पडू नये, पण भंगारात रिकामे ड्रम विकले की तिकडे नेमके हेच होते. तळाशी उरलेली धूळ, त्यावर रात्रीची ओल आणि वरून कटरची ज्योत. म्हणून ड्रम रिकामा झाला की मोकळ्यावर, ज्योतीपासून लांब, त्यात तोंडापर्यंत पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या आणि मगच भंगाराला द्या.

हवे तेवढे काढले की झाकण लगेच हवाबंद. अर्धा ड्रम उद्यासाठी गोणपाटाने झाकून ठेवणे हा गुन्हा समजा. सांडलेली भुकटी कोरड्या ब्रशने गोळा करा. शेड धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचीही नाही.

जनरेटर वापरत असाल तर दाब एक किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे मोकळे ॲसिटिलीन हवेशिवायही आपणहून फुटू शकते. वॉटर सीलमधले पाणी रोज बघायचे. खालचा चुन्याचा गाळ उघड्या टाकीत साठवायचा, कारण त्यातून बराच वेळ वायू निघत राहतो. हा गाळ फार क्षारयुक्त असतो. पावसाच्या नाल्यात सोडला की तो शेवटी विश्वामित्रीत, मगरींच्या आणि कासवांच्या पाण्यात जातो. असे करू नका.

शेजारी काय नको

आम्ल नको, कुठलेही. क्लोरीन देणारा माल नको, म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि तरणतलावाच्या टीसीसीए गोळ्या. ॲसिटिलीन आणि क्लोरीन एकत्र आले की उजेडातसुद्धा स्फोट होतो. कापडरंगाईतला हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) ओल लागली की तापतो आणि सल्फर डायऑक्साइड सोडतो, म्हणून त्याची खोली वेगळी.

धान्याच्या गोदामातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्याही ओलीने वायू सोडतात. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फीन निघतो आणि बंद खोलीत तो माणसे मारतो. तिचा कायदा वेगळा, कीटकनाशक अधिनियम, 1968; 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्या जुलै 2001 पासून बंद आहेत आणि तीन ग्रॅमच्या गोळ्या सामान्य माणसाच्या हाती द्यायच्या नसतात. घरातल्या गव्हाच्या कोठीत कोणी या गोळ्या टाकत असेल तर आजच काढायला लावा.

कोणाला विकायचे नाही

आंब्याच्या हंगामात अर्धा-एक किलो मागायला येणाऱ्याला सरळ नाही म्हणा. कार्बाइडने फळे पिकवायला अन्नसुरक्षेच्या 2011 च्या विनियमांनी बंदी आहे. पिकवायचीच असतील तर ठरलेल्या प्रमाणात इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे. दिवाळीत पीव्हीसी पाइपची "कार्बाइड गन" बनवणाऱ्या पोरांनाही नाही. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या खेळण्याने अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. प्रत्येक विक्रीची नोंद ठेवा: तारीख, वजन, घेणाऱ्याचा परवाना क्रमांक, कशासाठी. महिनाअखेरीला नोंदवही आणि प्रत्यक्ष ड्रम जुळलेच पाहिजेत.

आग लागली किंवा पूर आला तर

पाणी नाही, फोमही नाही. कोरडी वाळू आणि ड्राय केमिकल पावडर. वाळूच्या बादल्या झाकलेल्या हव्यात, कारण ओली वाळू पाण्याइतकीच वाईट. दर्शनी भिंतीवर रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत: "कॅल्शियम कार्बाइड. पाणी वापरू नका." बंबावरच्या जवानाला रात्री दोन वाजता ही पाटी दिसली पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे दांडिया बाजारच्या आणि तुमच्या भागातल्या अग्निशमन केंद्राच्या लोकांना पावसाळ्यापूर्वी बोलावून शेड दाखवणे. 101 किंवा 112 ला फोन करताना पहिला शब्द "कार्बाइड" असावा, पत्ता त्यानंतर.

जून लागण्यापूर्वी छपरावर नळीने पाणी मारून गळती तपासा. अर्थातच त्या दिवशी शेड रिकामी हवी. आजवा सरोवराची आणि विश्वामित्रीची पातळी रोज जाहीर होते. नदी 20 फुटांकडे सरकू लागली की नवा माल मागवणे बंद करा, आणि जमत असेल तर असलेला माल परवानाधारक उंच जागी हलवा. पाणी दारात आल्यावर ड्रम उचलायला माणसे पाठवू नका. वीज बाहेरून तोडा, परिसर रिकामा करा, शेजाऱ्यांना चूल-भट्टी विझवायला सांगा आणि अग्निशमन दलाची वाट पाहा. पाणी ओसरल्यावरही भिजलेला ड्रम उघडायचा, हलवायचा किंवा आवळायचा नाही.

आग, स्फोट किंवा जीवितहानी झाली तर जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्यांना आणि पेसोच्या मुख्य नियंत्रकांना ताबडतोब कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. जखमींना आणि अडकलेल्यांना काढायला जेवढे हलवावे लागेल तेवढेच हलवा. बाकीची जागा तपासणीसाठी जशीच्या तशी राहू द्या. या सगळ्यांचे दूरध्वनी क्रमांक ऑफिसातल्या कपाटात ठेवू नका, ते शेडपासून लांब असलेल्या फाटकावर, पावसात न पुसणाऱ्या रंगात लिहा.